मोठ्या गुरुजींचं जन्मफूल

निरोपसमारंभ कसा करावा हे साऱ्या परभणी जिल्ह्यात एकट्या मलाच कळतं, असा सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलपर्यंत माझा पक्का समज होता. त्याच एप्रिलच्या एकोणतीस तारखेला तो समज गेला आणि जाताना गावातली माझी अब्रूही सोबत घेऊन गेला! गावाचं नाव विचारू नका. झरीपासून एसटीनं पाऊण तास, एवढंच सांगतो. तिथं अजून माझी ओळख ‘तो फूलवाला मास्तर’ अशीच आहे.

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक व्यंकटराव. सारं गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणायचं. एकतीस मेला ते निवृत्त होणार होते, त्यांच्या जागी सूर्यभान गुरुजी बसणार होते आणि निरोपाचा जिम्मा माझ्यावर होता. मी छाती पुढं काढून सांगितलं, “असा समारंभ करतो, की पाथरी-पालमपर्यंत नाव झालं पाहिजे!”

नाव झालं. कसं झालं, तेच सांगतोय.

निरोपसमारंभ म्हणजे आमच्याकडं शाल, नारळ, झेंडूचा हार आणि भाषणात कमीत कमी चार वेळा ‘दीपस्तंभ’. परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, कुणी दीपस्तंभ पाहिलेला नाही, पण निवृत्त होणारा प्रत्येक माणूस दीपस्तंभ! मला नवीन काहीतरी हवं होतं. आणि ते मला बाकरवडीच्या पुड्यात सापडलं.

माझा मेव्हणा पुण्याहून आला होता. त्यानं आणलेल्या बाकरवडीचा पुडा एका साप्ताहिकाच्या पानात गुंडाळलेला होता. बाकरवडी पोरांनी संपवली, पान मी वाचलं. मथळा होता, ‘तुमचं जन्मफूल कोणतं?’

तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो! प्रत्येक महिन्याचं एक फूल ठरलेलं असतं. जानेवारीचं कार्नेशन, फेब्रुवारीचं व्हायोलेट, मार्चचं डॅफोडिल. जूनचा गुलाब, ऑक्टोबरचा झेंडू, नोव्हेंबरची शेवंती, डिसेंबरची नर्गिस. मे महिन्यावर तेलाचा डाग पडल्यानं ते फूल कळलं नाही. ज्या महिन्यात जन्म, त्या महिन्याचं फूल आपलं. पार रोमन लोकांपासून हे चालत आलंय म्हणे. जन्मदिवस आला की ते देवाला फुलांच्या माळा वाहायचे. पुढं इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर फुलांची भाषाच तयार झाली. तोंडानं बोलायची चोरी, म्हणून माणसं एकमेकांना फुलं पाठवायची आणि ज्याला मिळायचं तो पुस्तक उघडून अर्थ बघत बसायचा. लाल गुलाब म्हणजे प्रेम. व्हायोलेट म्हणजे निष्ठा. आणि झेंडू म्हणजे काय, माहीत आहे? दुःख!

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आजवर आम्ही येईल त्या पाहुण्याच्या गळ्यात हात-हातभर दुःख घालत होतो!

बायकोला, रुख्मिणीला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “आवं, पोळ्याला बैलाच्या गळ्यातबी झेंडूच घालतो की आपुन. बैल काय रडाय लागला का?”

बायकोला इतिहास कळत नाही, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला. पण बेत ठरला! मोठ्या गुरुजींना हाराऐवजी त्यांचं जन्मफूल द्यायचं. एवढ्यावरही मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, सगळ्याच स्टाफला आपापलं फूल द्यावं! आणि गंमत राहावी म्हणून वेळेपर्यंत फुलाचं नावही काढायचं नाही.

पहिली अडचण लगेच आली. शाळेत आम्ही शिपायासकट सहा जण. दप्तर काढून बघतो तर काय, सहाही जण एक जूनला जन्मलेले! त्या काळी बाप पोराला शाळेत आणून सोडायचा, मास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप म्हणायचा, “लय ऊन पडलं व्हतं बघा.” मास्तर एक जून लिहून मोकळे. म्हणजे दप्तराप्रमाणं सगळे गुलाबच! यात कसली गंमत? खरा महिना कळायला पाहिजे. मी एक वही केली आणि सोमवारी मधल्या सुट्टीत सूर्यभान गुरुजींना गाठलं.

“गुरुजी, तुमची खरी जन्मतारीख काय?” मी हळू आवाजात विचारलं.

सूर्यभान गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला.

“खरी म्हंजे? दप्तरात हाय की.”

“ती सोडा हो. ती तर सगळ्यांचीच एक आहे. खरी सांगा. निदान महिना तरी.”

“पन तुमाला कशाला पायजे?”

“ते आत्ता नाही सांगता येणार.”

“कुनी इचारायला सांगितलं?”

“सांगितलं कुणी नाही. पुण्याहून आलंय.”

“पुन्याहून!” त्यांनी भिंतीला हात टेकला. शिक्षण खात्याचं मोठं कार्यालय पुण्याला आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या डोक्यात बाकरवडी होती.

“हो, छापील आलंय. महिन्याप्रमाणं कुणाला काय द्यायचं ते सगळं ठरवून दिलंय.”

“म्हंजे... मला काय देनार?”

“ते निरोपसमारंभात, सगळ्यांसमोरच!” मी डोळे मिचकावले.

सूर्यभान गुरुजी त्या दिवशी पुढचा तास न घेताच घरी गेले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून मात्र माझा मान एकदम वाढला. सूर्यभान गुरुजींच्या घरून कैऱ्यांची टोपली आली. दुसऱ्या एका मास्तरांनी माझा पाचवीचा वर्ग न सांगता स्वतःच सांभाळला. शिपाई चंद्रभान तर घरी आला आणि त्यानं माझ्यापुढं आपली जन्मपत्रिका उघडली.

“बघा गुरुजी. लय जुनी हाय. आज्यानं करून ठिवलेली.”

मी तिच्यावर बोट ठेवलं. बोट निळं झालं. आज्याची शाई अजून वाळायची होती!

“चंद्रभान,” मी म्हटलं, “मला फक्त महिना सांग.”

“तुमाला कोन्ता बरा वाटतो?” तो हात जोडून म्हणाला. “त्योच टाका. पन लेकराबाळांकडं बघून टाका!”

काय गुणी माणसं आहेत, असं म्हणत मी कैऱ्या खात राहिलो.

आता राहिले मोठे गुरुजी. त्यांना सरळ विचारलं तर गंमतच गेली. म्हणून मी त्यांच्या आईकडं गेलो. कासाबाई ऐंशीच्या पुढच्या, ऐकायला थोडं कमी. अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मोठे गुरुजी आत ओसरीवर पेपर वाचत होते, म्हणून नाव न घेता मी कानाशी जाऊन विचारलं, “मावशी, तुमच्या लाडक्या लेकाचा जन्म कधीचा हो?”

कासाबाईंचा चेहरा असा खुलला की सूप थांबलं.

“लाडक्याचा व्हय? सरावनातला! सोमवार व्हता. भाईर झड लागलेली, सुईन येईना, घर गळायलंय, आन् ह्यो आपला हासतच आला बघ!”

“आणि साल?”

“साल बिल मला काय कळतंय? पारावर मारुती बसवला, त्याला दोन सालं झाली व्हती.”

झालं! मारुतीच्या पायाशी एक शिळा होती आणि तिच्यावर साल कोरलेलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ते वाचलेलं मात्र कुणी नव्हतं, कारण त्याच्यावर बोटभर शेंदूर बसला होता. मी आणि चंद्रभान करवंटी घेऊन बसलो. तासभर खरवडल्यावर आकडे दिसले. सन १३३८ फसली. तेव्हा आपल्याकडं निजामाचा अंमल, त्यामुळं साल फसली. त्यात पाचशे एक्याण्णव मिळवले की इंग्रजी साल. तेराशे अडतीस आणि पाचशे एक्याण्णव, एकोणीसशे एकोणतीस. त्यापुढं दोन वर्षं, म्हणजे एकोणीसशे एकतीस. महिना श्रावण, म्हणजे ऑगस्ट!

“दप्तरात तर एकोनतीस हाय,” चंद्रभान म्हणाला.

“चूक आहे. मोठे गुरुजी दोन वर्षांनी लहान आहेत.”

मला फक्त ऑगस्टशी काम होतं. ती दोन वर्षं मी तिथंच पारावर सोडून आलो. चंद्रभाननं मात्र ती उचलली आणि शेंदरानं माखलेल्या हातांनी गावभर वाटली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींनी मला बोलावलं. “बन्सीधर, दार लावा.”

मी दार लावलं. आता शिव्या बसणार!

“मी पंचावन्नचा आहे म्हणे?” ते हळूच म्हणाले.

“मारुतीच्या शिळेवरून तरी तसंच दिसतंय, सर.”

“आणि हे लोक मला अठ्ठावन्नचा समजून घरी पाठवायलेत!” ते उठले, खिडकीपाशी गेले, ताठ उभे राहिले. “मला वाटायचंच हो. गुडघे दुखतात, पण ते अठ्ठावन्नचे दुखणारे गुडघे नव्हेत, हे मला वाटायचंच!”

पुढच्या दिवशी मोठे गुरुजी केसांना कलप लावून आले. इतका काळाकुळकुळीत, की पहिलीच्या पोरांनी नवीन मास्तर आले म्हणून उभं राहून नमस्कार केला. काठी घरी राहिली. दुपारी त्यांनी पुढच्या वर्षाचं वेळापत्रक स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षाचंही!

इकडं सूर्यभान गुरुजींची दशा बघवेना. ह्या माणसानं एकोणीस वर्षं त्या खुर्चीची वाट पाहिली होती. जुन्या हजेरीपटाच्या मागच्या बाजूला ‘मुख्याध्यापक’ लिहून वर सहीचा सराव केलेला मी स्वतः पाहिला होता. ते माझ्या घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

“बन्सी गुरुजी, मी तुमचं काय वाकडं केलं व्हतं?”

“अहो, काय झालं?”

“माय माजी हातरुनाला खिळलेली हाय. तिला सांगून बसलोय, जूनपासून तुझा लेक मोठा गुरुजी व्हनार. रोज इचारती, झालास का रं? आता तिला काय सांगू? आन् वरून माजीबी तारीख काढायलाय तुमी!”

“गुरुजी, ते सगळं फक्त...”

पण ते ऐकायला थांबलेच नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कैऱ्या आंबट लागल्या. रुख्मिणी म्हणाली, “जावा की, सांगून टाका सगळं.” मी म्हटलं, “समारंभात फुलं बघितली की आपोआप उलगडा होईल. सगळे हसतील.” माझा फुलांवर एवढा विश्वास होता!

ऑगस्टचं फूल ग्लॅडिओलस. तलवारीवरून त्याला हे नाव पडलंय आणि त्याचा अर्थ मनाचा खंबीरपणा. मोठ्या गुरुजींना अगदी शोभणारं! रविवारी परभणीला जाऊन रोपवाटिका पालथ्या घातल्या. एप्रिलच्या उन्हात ग्लॅडिओलस? माळी माझ्याकडं दया आल्यासारखा बघायला लागला. “फूल न्हाई साहेब. गड्डा हाय. लावा, पानी घाला, सरावनात फूल येईल.” फूल नाही तर नाही, निदान फुलाचं मूळ तरी, असा विचार करून मी गड्डा घेतला. दिसायला तो बुटक्या कांद्यासारखा होता. चांदीच्या कागदात गुंडाळल्यावर चांदीच्या कागदातल्या कांद्यासारखा दिसायला लागला. बाकीच्यांच्या फुलांचं बघू पुढं, म्हटलं.

एकोणतीस तारखेला शाळेपुढच्या लिंबाखाली मांडव पडला. सगळं गाव आलं. पुढच्या खुर्चीवर कासाबाई. मागं बांधाकडेला त्यांचा धाकटा लेक मल्हारी, पाच-सहा शेरडं घेऊन उभा. व्यासपीठावर सरपंच तात्याराव. त्यांनी भाषणाला सुरुवात केली, “आपले दीपस्तंभ आज आपल्याला सोडून जायलेत...”

“मी कुठंही जात नाही!” मोठे गुरुजी उठून उभे राहिले. उन्हानं कलप पातळ होऊन कानामागून काळा ओघळ आला होता. “माझी अजून दोन वर्षं बाकी आहेत. मारुतीच्या शिळेवर पुरावा आहे! मी पुण्याला जाईन, पण खुर्ची सोडणार नाही!”

मांडवात एकच गलका झाला. तेवढ्यात सूर्यभान गुरुजी उठले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

“हे सगळं ह्यांचं काम हाय! पुन्याच्या साहेबांनी ह्यांना गुपचूप नेमलंय! सगळ्यांच्या तारखा तपासायलेत. छापील हुकूम हाय ह्यांच्याकडं! दाखवा म्हनावं!”

“दाखवा! दाखवा!” चंद्रभान सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

“अहो, हुकूम नाही तो!” मी म्हणत होतो, पण तात्यारावांनी हात पुढं केला होता. शेवटी मी खिशातून तो कागद काढला. तात्यारावांनी चष्मा चढवला, कागद उलटासुलटा केला, वास घेतला आणि सरकारी फर्मान वाचावं तसं माईकवर वाचायला सुरुवात केली.

“‘तुमचं जन्मफूल कोणतं? आपल्या आवडत्या माणसाला त्याचं फूल द्या आणि त्याचं मन जिंका. जानेवारी, कार्नेशन. फेब्रुवारी, व्हायोलेट...’” ते थांबले. “बन्सी गुरुजी, ह्याच्यात सूर्यभान गुरुजींवर कारवाई कुटं हाय?”

“कारवाई नाही हो! फूल द्यायचं होतं! सगळ्यांना! गंमत म्हणून!”

सूर्यभान गुरुजींनी डोळे पुसले आणि विचारलं, “मंग माज्या कैऱ्या?”

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. पण तेवढ्यात कासाबाई शेजारणीला विचारत होत्या, “काय झालं गं? कशाला वरडायलेत?”

शेजारणीनं त्यांच्या कानात सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, “यंकटराव सरावनातले हायेत म्हनं! दोन सालानं ल्हान!”

“कोन म्हंतं?” कासाबाई खुर्चीतून उठल्याच. “यंकट? यंकट मारुती बसवला त्याच साली झाला. मिरगाला सहा दिस व्हते. पेरनीच्या घाईत झाला त्यो, मला चांगलं ध्येनात हाय. सरावनातला मल्हारी!”

तात्यारावांनी बोटं मोजली. “मिरग सात तारखेला निघतो. त्याच्या आदी सहा दिस... सहा, पाच, चार, तीन, दोन... एक! एक जून! सन एकोनतीस!”

साऱ्या जिल्ह्यात खरोखर एक जूनला जन्मलेला बहुधा एकच माणूस असेल, आणि मी नेमकी त्याचीच तारीख खोटी ठरवली होती!

“पण मावशी, तुम्हीच तर मला श्रावण सांगितलात!” मी कळवळून ओरडलो.

“तू लाडका इचारलास की रं मास्तर! मी लाडक्याचा सांगितला.”

मांडव हसून हसून आडवा झाला. हसले नाहीत ते फक्त मोठे गुरुजी. कानामागं काळा ओघळ घेऊन ते व्यासपीठाच्या कडेला आले आणि लहान पोरासारखं म्हणाले, “माय, मी लाडका न्हाई?”

कासाबाई म्हणाल्या, “तू शाना हायस रं. शान्याचं कौतिक समदं गाव करतंय. मल्हारीचं मी केलं.”

मोठे गुरुजी व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांनी आईच्या पायावर डोकं ठेवलं. वर उठले तेव्हा तिचं पांढरं लुगडं काळं झालं होतं. नंतर ते स्वतःच सूर्यभान गुरुजींपाशी गेले आणि त्यांचा हात धरून त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. “आज घरी गेल्या गेल्या आईला सांगा,” एवढंच म्हणाले. तात्यारावांनी आणलेला झेंडूचा हार सूर्यभान गुरुजींनी त्यांच्या गळ्यात घातला आणि दोघं गळ्यात गळा घालून रडले. म्हणजे झेंडूचा अर्थ लेखात बरोबर दिला होता!

माझ्या हातात चांदीचा कागद तसाच होता. तो घेऊन मी बांधाकडं गेलो. मल्हारी शेरडांमागं लपायला बघत होता. आयुष्यात त्याला कुणी समारंभात पुढं बोलावलं नव्हतं.

“हे तुमचं, मल्हारीबुवा.”

त्यानं कागद सोडला. “ह्यो तर कांदा हाय.”

“कांदा नाही. फुलाचा गड्डा. जो श्रावणात जन्मला, त्याचं हे फूल. तलवारीसारखं असतं म्हणे.”

“माजं? जन्माचं?” त्यानं गड्डा दोन्ही हातांत धरला. “मी कवा झालो, हे आजपतुर मला कुनी इचारलंबी न्हाई गुरुजी.” मग तो गड्डा त्यानं पटक्याच्या शेवात गाठ मारून बांधला आणि शेरडं घेऊन निघून गेला.

जूनपासून सूर्यभान गुरुजी मोठे गुरुजी झाले. त्यांच्या आईनं ते ऐकलं आणि महिनाभर जो येईल त्याला ऐकवलं. माझ्यावर त्यांनी राग धरला नाही. फक्त त्या साली शाळेतल्या सगळ्या पोरांच्या जन्मतारखांची पडताळणी माझ्याकडं दिली.

आणि श्रावणात एके दिवशी मी पाचवीला अपूर्णांक शिकवत असताना मल्हारी धापा टाकत खिडकीत आला. “गुरुजी, फूल आलं! चला!”

मी वर्ग सोडून निघालो. वाटेत तो दोन्ही हात हलवत सांगत होता, “रोज तांब्याभर पानी घालायचो. तलवारीवानी पानं आली. आन् आज सकाळी सात फुलं! लालभडक! एकावर एक, जिना असल्यावानी! मायीला उचलून आनलं बघायला. माय म्हनली, तुझ्यावानीच हाय रं!”

आम्ही शेरडांच्या वाडग्याच्या कुडापाशी पोचलो. मातीत पानांची दोन बुडखं उरली होती. शेजारी एक तांबडी बकरी शांतपणे चघळत उभी होती आणि तिच्या तोंडातून शेवटची लाल पाकळी आत जायला निघाली होती.

चार महिने वाढवलेलं, चक्क जन्माचं फूल! मल्हारीनं आधी कुडाकडं बघितलं, मग बकरीकडं बघितलं. पाकळी पुरती आत गेल्यावर त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“जाऊ द्या गुरुजी,” तो म्हणाला. “तीबी सरावनातलीच हाय.”